वसंतोत्सवाची सुट्टी : चीनमध्ये शिकणाऱ्या मुलांचा कसोटीचा महिना

चीनशी व्यवहार असणाऱ्या व्यापाऱ्याला जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस तोंडपाठ असतात. तेथील कारखाने बंद होण्यापूर्वी माल निघाला पाहिजे, कंटेनर वेळेत बंदरात लागला पाहिजे आणि पुढील महिन्याभराचा साठा आधीच गोदामात आला पाहिजे, हा हिशेब दिवाळीपासूनच सुरू होतो. यीवू शहरातील घाऊक बाजारात सुमारे पंचाहत्तर हजार गाळे आहेत. पण चिनी नववर्षाच्या सुमारास तोही दोन आठवडे वा अधिक काळ शांत असतो. कामगार गावी गेलेले असतात आणि पुरवठादाराचा फोन लागत नाही. व्यापारी मनाशी म्हणतो, 'सण आहे, आता पंधरवड्यानंतर पाहू.'

याच दिवसांत त्याच देशातील एखाद्या विद्यापीठात आपल्या ओळखीच्या घरातील मुलगा किंवा मुलगी वसतिगृहाच्या खोलीत एकटी बसलेली असते. व्यापाऱ्याला जी पुरवठ्यातील खीळ वाटते, तीच विद्यार्थ्याच्या दृष्टीने हिवाळी सुट्टी असते. मालाचा बेत तीन महिने आधी आखणारे घर मुलाच्या सुट्टीचा बेत मात्र परीक्षा संपल्यावर फोनवर ठरवते. परदेशी शिक्षणातील बऱ्याच अडचणींचे मूळ या एका विसंगतीत सापडते.

सुट्टी केव्हा आणि किती

चीनमधील विद्यापीठांची हिवाळी सुट्टी साधारणतः जानेवारीच्या मध्यास सुरू होते आणि फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे चालते. तिचा मध्यबिंदू म्हणजे वसंतोत्सव, अर्थात चिनी नववर्ष. हा सण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान कोणत्याही दिवशी येऊ शकतो. २०२५ साली तो २९ जानेवारीस होता, २०२६ साली १७ फेब्रुवारीस आणि २०२७ साली तो ६ फेब्रुवारीस येतो. यात गूढ काहीच नाही. चिनी पंचांगही चांद्र-सौर असून आपल्यासारखाच त्यातही अधिक मास असतो. तेथील नववर्ष आपल्या पौष किंवा माघ अमावास्येच्या सुमारास सुरू होते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

या सणासाठी जो तो आपल्या मूळ गावी जातो. प्रवासाच्या या लाटेला चिनी भाषेत 'छुन-युन' असे नाव असून तिचा कालावधी चाळीस दिवसांचा धरतात : सणापूर्वीचे पंधरा दिवस आणि नंतरचे पंचवीस. रेल्वेची तिकिटे प्रवासाच्या पंधरा दिवस आधी विक्रीस खुली होतात आणि गर्दीच्या मार्गांवर पाहता पाहता संपतात. परदेशी विद्यार्थी पासपोर्टच्या क्रमांकावर तिकीट काढू शकतो. परंतु त्यासाठी खात्याची पडताळणी आधीच झालेली असावी लागते. ऐन वेळी स्थानकावर गेल्यास मिळालेच तर उभ्याने प्रवासाचे तिकीट मिळते, आणि तो प्रवास कधी कधी दहा-बारा तासांचाही असतो.

रिकामे वसतिगृह

सुट्टी लागल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत विद्यापीठाचे रूप पालटते. चिनी विद्यार्थी चाकांच्या बॅगा ओढत निघून जातात. पाच-सहा भोजनालयांपैकी एखादेच उघडे राहते आणि त्याच्याही वेळा आखडतात. वाचनालय बंद होते. फाटकाबाहेरील नूडल्सचे दुकान, फळवाला, झेरॉक्सवाला, सारे आपापल्या गावी गेलेले असतात. मोठी दुकाने चालू असली तरी घरपोच जेवण देणारी मुले कमी झाल्याने तीही सोय भरवशाची राहत नाही.

थंडीचाही एक नियम समजून घ्यावा लागतो. छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या रेषेच्या उत्तरेस घरे नळातून खेळवलेल्या उष्णतेने गरम ठेवली जातात. बीजिंगमध्ये ही व्यवस्था साधारणपणे १५ नोव्हेंबर ते १५ मार्च चालते. दक्षिणेस ती सार्वत्रिक नाही. त्यामुळे उणे दहा अंशांच्या बीजिंगमधील विद्यार्थी खोलीत साध्या सदऱ्यावर बसतो, तर चार-पाच अंशांच्या वुहान किंवा नानजिंगमधील विद्यार्थी खोलीतही स्वेटर, मोजे आणि रजई सोडत नाही. 'दक्षिणेकडे आहे, थंडी कमी असेल' ही पालकांची समजूत म्हणूनच फसवी ठरते.

दिवस लहान, मित्र गावी गेलेले, जेवणाची चणचण आणि बाहेर फटाक्यांचे आवाज. या परिस्थितीत एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचे मन खचणे स्वाभाविक आहे. तो दुपारपर्यंत झोपू लागतो, रात्रभर मोबाइल पाहतो आणि घरी मात्र 'सगळे ठीक आहे' एवढेच सांगतो. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते. आपल्याकडे दुकान वाढवून, जेवणे उरकून रात्री साडेनऊला फोन केला, तर तेथे मध्यरात्र झालेली असते. सुट्टीच्या महिन्यात हा फोन सकाळी व्हावा. सकाळी बोलायचे आहे म्हणून मूल वेळेवर उठते आणि त्याच्या आवाजावरून मनाचा अंदाजही बरा येतो.

आहाराचा प्रश्न

जैन कुटुंबांची पहिली काळजी अर्थातच आहाराची असते. भाजीची थाळी दिसायला शुद्ध असली तरी तिच्यात मांसाचे पाणी, कालव्यांचा रस किंवा कोंबडीच्या अर्काची पूड पडलेली असू शकते. चिनी स्वयंपाक्याला यात भाजीपण मोडल्यासारखे वाटत नाही, कारण मांसाचा तुकडा त्यात नसतो. म्हणून केवळ 'मांस नको' असे म्हणणे अपुरे पडते. 'वो छ्र सू' म्हणजे 'मी शाकाहार पाळतो' हे तीन शब्द आणि नको असलेल्या जिनसांची चिनी लिपीतील चिठ्ठी विद्यार्थ्याच्या खिशात असावी.

यावरचा उत्तम उपाय चीनच्याच परंपरेत आहे. तेथील बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांसाबरोबरच कांदा, लसूण आणि त्या वर्गातील उग्र वासाच्या एकूण पाच वनस्पती वर्ज्य मानल्या आहेत. त्या पाचांत हिंगाचीही गणना होते. हांगचौचे लिंगयिन मंदिर, शांघायचे जेड बुद्ध मंदिर अशा ठिकाणी शाकाहारी भोजनाची व्यवस्था असते. शांघायमधील 'कुंग-ते-लिन' हे शाकाहारी उपाहारगृह तर १९२२ पासूनचे आहे. चिनी बाराव्या महिन्याच्या अष्टमीस अनेक मंदिरांतून धान्ये, कडधान्ये आणि सुकामेवा घातलेली खीर येणाऱ्या-जाणाऱ्यांना विनामूल्य वाटली जाते. ही अष्टमी बहुधा सुट्टीच्या तोंडावरच येते. मात्र मठाच्या स्वयंपाकात बटाटा, मुळा, कमळाचे कंद आणि आळंबी मुबलक असतात. कंदमुळाचा नियम पाळणाऱ्याने तेथेही विचारूनच जेवावे.

घरून पाठवायच्या डब्याविषयी एक सूचना. ताजी फळे, भाज्या, बियाणे आणि दुधाचे बहुतेक पदार्थ चीनमध्ये सामानातून नेण्यास मनाई आहे. आईने कढवलेल्या तुपाचा डबा विमानतळावर अडकण्याची शक्यता असते. खाखरा, भाजलेले पोहे, मुगाची डाळ, मेतकूट, सुके मसाले हे अधिक निर्धोक. वसतिगृहात विजेची शेगडी वापरण्यास परवानगी आहे की नाही, हेही आधी विचारून घ्यावे; अनेक ठिकाणी ती जप्त होते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट : बीजिंगमध्ये जानेवारीत सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि हार्बिनमध्ये चारच्या सुमारास. सुट्टीत वर्गाचे बंधन नसल्याने हा नियम सांभाळणे उलट सोपे जाते.

घरी यावे की तेथेच राहावे

पहिल्या वर्षी बहुतेक मुले घरी येतात आणि ते योग्यच आहे. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाल्याने हा प्रवास काहीसा सुकर झाला आहे. तरी सणाच्या आठवड्यातील भाडे चढेच असते. तिकीट दिवाळीच्या सुमारास काढणे हिताचे.

घरी येण्यातही एक सावधगिरी आहे आणि तिची किंमत एका संपूर्ण पिढीने मोजली आहे. २०२० साली चिनी नववर्ष २५ जानेवारीस होते. त्याच्या दोन दिवस आधी, २३ जानेवारीस, वुहान शहर बंद झाले. त्या सुमारास चीनमध्ये २३,००० हून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि त्यांपैकी बहुसंख्य वैद्यकीय शाखेचे होते. वुहानमध्ये अडकलेल्यांना आणण्यासाठी १ आणि २ फेब्रुवारीस दिल्लीस दोन विमाने उतरली. बाकीचे बरेच विद्यार्थी सुट्टीसाठी आधीच घरी आले होते; महिन्याभराने परत जायचे म्हणून एखादी छोटी बॅग घेऊन. मार्चअखेर चीनने परदेशीयांचा प्रवेश थांबवला आणि दीर्घ मुदतीच्या विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा मिळू लागला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. अडीच वर्षे या मुलांनी शरीररचना आणि शल्यक्रिया पडद्यावर पाहून शिकण्याचा प्रयत्न केला. त्यांची पुस्तके, लॅपटॉप, काहींची मूळ प्रमाणपत्रेही तेथील कुलूपबंद खोल्यांत पडून होती.

असा प्रसंग पुन्हा येईलच असे नाही. तथापि सुट्टीवर येताना मूळ गुणपत्रके, प्रवेशपत्र आणि शुल्काच्या पावत्या सोबत आणाव्यात, त्यांच्या प्रती घरीही ठेवाव्यात आणि खोलीतील सामानाची यादी एखाद्या विश्वासू मित्राकडे द्यावी. निवास परवान्याची मुदत निघण्यापूर्वी तपासावी. परवाना परदेशात असताना संपला, तर नव्याने व्हिसा घेण्यावाचून गत्यंतर नसते. आणि नूतनीकरणाची कचेरी सणाच्या दिवसांत बंद असते.

राहायचे ठरल्यास

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मात्र एक सुट्टी चीनमध्येच काढण्याचा विचार गंभीरपणे व्हावा. त्याचे मुख्य कारण भाषा आहे. वैद्यकीय अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी रुग्ण चिनीच बोलतो. छातीत दुखते की पोटात, कालपासून की महिन्यापासून, हे विचारता आले नाही तर रुग्णालयातील वर्ष भिंतीला टेकून उभे राहण्यात जाते. अनेक विद्यापीठे एचएसके या भाषापरीक्षेची चौथी पातळी आवश्यक मानतात. जुन्या रचनेनुसार तिच्यासाठी सुमारे बाराशे शब्द यावे लागतात. सुट्टीचे पाच आठवडे, म्हणजे पस्तीस दिवस, रोज वीस शब्द धरले तरी सातशे शब्द होतात. वर्ग चालू असताना हे साधत नाही. शिवाय भारतीय मित्रांचा घोळका पांगल्यामुळे भाजीवालीशी, पहारेकऱ्याशी, शेजारच्या आजोबांशी चिनीतच बोलावे लागते आणि भाषा खरी अशीच येते.

थोडा प्रवासही व्हावा. हार्बिनमध्ये सुंगहुआ नदीतून कापून काढलेल्या बर्फाच्या लाद्यांतून मनोरे आणि महाल उभारतात. १९६३ साली तेथे बर्फातील दिव्यांची जत्रा प्रथम भरली आणि १९८५ पासून वार्षिक महोत्सव होतो. जानेवारीत तेथील तापमान रात्री उणे वीसच्याही खाली जाते. बॅटरी गारठून मोबाइल बंद पडतो. त्यामुळे पत्ता कागदावर लिहिलेला असावा. ज्यांना थंडी सोसत नाही, त्यांच्यासाठी सुमारे १,९०० मीटर उंचीवरील सौम्य हवेचे खुनमिंग आहे. हायनान बेटावर ऊन मिळते. परंतु सणाच्या आठवड्यात तेथील दर अवाच्या सवा असतात.

कायद्याच्या दोन बाबी पालकांनी स्वतः समजून घ्याव्यात. चिनी मित्राच्या घरी मुक्काम केल्यास २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते. हॉटेलमध्ये ही नोंद हॉटेलच करते. दुसरी बाब व्यापारी घरांना विशेष लागू आहे. 'आमचे एक स्नेही सणानंतर यीवूला येत आहेत, दोन दिवस दुभाष्याचे काम कर, तेही काही देतील,' असे सांगणे आपल्याकडे सहज घडते. विद्यापीठाची संमती आणि निवास परवान्यावर तशी नोंद नसताना मोबदला घेऊन काम करणे हा तेथे गुन्हा असून ५,००० ते २०,००० युआन दंड होऊ शकतो. प्रकरण गंभीर ठरल्यास अटकही. काकांच्या स्नेह्याचे दोन दिवसांचे काम मुलाची पाच वर्षे धोक्यात घालू शकते.

चिनी घरातील सण

सुट्टीत राहणाऱ्याला बहुधा एखाद्या सहाध्यायीच्या घरचे आमंत्रण येतेच. नववर्षाच्या पूर्वसंध्येचे भोजन हा वर्षातील सर्वांत मोठा कौटुंबिक प्रसंग असतो. दारावर लाल कागदावरील शुभवचने लावलेली असतात, मुलांना लाल पाकिटातून पैसे मिळतात आणि १९८३ पासून दरवर्षी होणारा दूरचित्रवाणीचा कार्यक्रम मध्यरात्रीपर्यंत चालतो. या जेवणात मासा असतोच, कारण 'मासा' आणि 'शिल्लक' या शब्दांचा उच्चार चिनीत एकच आहे. शिल्लक राहावी, बरकत यावी ही त्यामागील भावना. ज्याला अशा पंगतीत बसणे अशक्य वाटते, त्याने आमंत्रण नम्रपणे टाळून दुसऱ्या दिवशी भेटीस जावे. नववर्षाच्या पहिल्या दिवशी अनेक कुटुंबे शाकाहार पाळतात, हे ठाऊक असले म्हणजे दिवस निवडणे सोपे जाते. आमंत्रण स्वीकारले तर आपला आहार चार दिवस आधी स्पष्ट सांगावा. आधी सांगितल्यास कोबी आणि टोफूचे सारण भरून चार उकडकरंज्या वेगळ्या करणे यजमानांना जड जात नाही. ताटावर बसून नकार देणे मात्र त्यांना लागते. भेटवस्तू दोन्ही हातांनी द्यावी. घड्याळ कधीही देऊ नये, कारण 'घड्याळ देणे' या शब्दांचा उच्चार 'अंत्यसंस्काराला जाणे' यासारखा होतो.

या सणातील एक प्रथा आपल्या वाचकांना फार ओळखीची वाटेल. चिनी व्यापारी वर्ष संपण्यापूर्वी उधारी चुकती करणे चांगले मानतात आणि नववर्षाच्या पाचव्या दिवशी धनदेवतेचे स्वागत करून दुकान उघडतात. आपल्याकडेही दिवाळीच्या अमावास्येस वहीपूजन आणि कार्तिक शुद्ध पंचमीस लाभपंचमीचा मुहूर्त करून अनेक पेढ्या उघडतात. ज्या पुरवठादाराशी वीस वर्षे केवळ दर आणि मुदत यांविषयी बोलणे झाले, त्याच्याही घरी पंचमीचा मुहूर्त असतो, ही माहिती व्यापाऱ्याला बहुधा प्रथम त्याच्या शिकणाऱ्या मुलाकडूनच कळते.

एक सोलापूरकर

महाराष्ट्रातील तरुणाने चीनमध्ये हिवाळा काढण्याची परंपरा जुनी आहे. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक युद्धग्रस्त चीनला गेले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे अठ्ठावीस वर्षांचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. सहकारी परतले, कोटणीस राहिले. त्यांनी चिनी भाषा इतकी आत्मसात केली की तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते तिच्यातूनच शिकवीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, हबे प्रांतात त्यांचे निधन झाले. शिजियाजुआंग येथे त्यांची समाधी आणि पुतळा असून बीजिंगहून वेगवान रेल्वेने सुमारे दीड तासात तेथे पोहोचता येते. सोलापुरातील त्यांच्या राहत्या घराचेही स्मारक झाले आहे. शिजियाजुआंगला जाण्यासाठी सुट्टीतील एक दिवस पुरतो. आठ दशकांनंतरही चिनी माणूस या मराठी डॉक्टरांचे नाव आदराने घेतो. भाषा शिकलेल्या परक्याला तो देश आपला मानतो, याचे याहून मोठे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

बेत दिवाळीतच व्हावा

या सर्वांचा व्यवहार्य अर्थ एवढाच की सुट्टीचा निर्णय दिवाळीच्या आठवड्यात, मुलाशी बोलून घ्यावा. येणार असेल तर तिकीट आणि कागदपत्रे. राहणार असेल तर पाच आठवड्यांचे अंदाजपत्रक : भोजन, एक प्रवास, भाषेचा वर्ग आणि अडीअडचणीसाठी वेगळी रक्कम. सणाच्या दिवसांत तेथील बँकांचे कामकाज मर्यादित असते, तेव्हा पैसे आठ-दहा दिवस आधी खात्यावर पोहोचतील अशा बेताने पाठवावेत. विद्यापीठात सुट्टीत कोणता अधिकारी हजर असेल, आजारी पडल्यास कोणते रुग्णालय उघडे असेल आणि वसतिगृहात आणखी कोणते भारतीय विद्यार्थी राहणार आहेत, ही तीन उत्तरे मुलाकडून लिहून घ्यावीत.

चीनमधून येणाऱ्या मालाची तारीख ज्या घरात कोणीही विसरत नाही, त्या घराला हे काम मुळीच कठीण नाही. त्याच दिनदर्शिकेत, त्याच पानावर, मुलाच्या सुट्टीची तारीखही लिहून ठेवावी.